‘नाही’ कोणी म्हणायचं? सत्तेच्या वाटणीची फेरआखणी, बेलापूरपासून दिल्लीपर्यंत

नवी मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. ठाण्याच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथेही मतदानाला तोच जानेवारी उजाडला. आधी करोना, मग प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचा कोर्टातला घोळ. मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे असं राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं. ते कागदावरच राहिलं. मधली सगळी वर्षं दोन्ही शहरं प्रशासकाने चालवली आणि प्रशासक म्हणजे दुसरं तिसरं कोणी नाही, आयुक्तच.

म्हणजे नेमकं काय झालं? आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा, स्थायी समिती म्हणून त्याच्या खर्चाला मान्यता द्यायची, महासभा म्हणून ठराव करायचा आणि परत आयुक्त म्हणून तो राबवायचा. टप्पे चार, सही एक. आयुक्तांनी अर्थसंकल्प मांडला आणि प्रशासक म्हणून त्यांनीच तो मंजूर केला, ही बातमी दरवर्षी यायची आणि त्यात कोणाला काही विचित्र वाटायचं नाही. उलट वाशीत काय, नौपाड्यात काय, ‘बरं झालं, नगरसेवकांची कटकट गेली’ असं म्हणणारे भरपूर भेटायचे. कचरा उचलला जात होता, पाणी येत होतं. (या वाक्याला घोडबंदरवाल्यांनी खुशाल हरकत घ्यावी.)

मला बोलायचंय ते खरं तर देशाच्या सरकारबद्दल. संसद, मंत्रिमंडळ आणि न्यायालय यांच्यातली सत्तेची वाटणी नव्याने आखायची झाली तर काय काय पाहावं लागेल, हा विषय. पण या विषयावरची पुस्तकं माँटेस्क्यू या फ्रेंच विचारवंतापासून सुरू होतात आणि वाचक तिसऱ्या पानावर पेंगतो. आपल्याकडे सगळी सत्ता एका खुर्चीत गोळा झाली की काय होतं याचा प्रयोग डोळ्यांदेखत होऊन गेलाय, तर सुरुवात तिथूनच करू.

पालिकेच्या बातम्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली. पाचपाखाडीच्या महापालिका भवनात महासभा भरते. प्रशासनाचा प्रस्ताव गोषवारा म्हणून विषयपत्रिकेवर येतो. एखादा नगरसेवक उठतो: ‘हा रस्ता दोन वर्षांपूर्वीच केलाय. त्याचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने फुकट दुरुस्ती करायची मुदत, अजून संपलेला नाही, मग पुन्हा पैसे कशाचे?’ अभियंता कागद चाळायला लागतो, मागे कोणाला तरी फोन लावतो. विषय तहकूब. पुढच्या सभेला तो दुरुस्त होऊन येतो किंवा दप्तरी दाखल होतो. आता तो नगरसेवक लोकहितासाठी उठला असेल किंवा ठेकेदाराने आपल्याला विचारलं नाही म्हणून उठला असेल. टक्केवारीची चर्चा काही हवेतून येत नाही. पण गंमत अशी की त्याचा हेतू चांगला असो की वाईट, प्रश्न इतिवृत्तात नोंदला जातो आणि फाईल थांबते. प्रशासकाच्या काळात फाईल थांबवणारं सभागृहच नव्हतं, आणि फाईल थांबली नाही म्हणून आपल्याला तिचा पत्ताही लागला नाही.

सत्तेची विभागणी म्हणजे मुळात एवढंच. नियम करणारा, नियम राबवणारा आणि नियम मोडला की नाही हे ठरवणारा, असे तिघे वेगळे असावेत आणि प्रत्येकाला दुसऱ्याला ‘नाही’ म्हणता यावं. माँटेस्क्यूने १७४८ मध्ये हे नीट मांडलं, अमेरिकेने १७८७ च्या घटनेत उतरवलं. आपण शाळेत तीन स्तंभांचं चित्र पाहिलं. त्या चित्राबद्दल माझी तक्रार आहे. त्यात स्तंभ एकमेकांपासून लांब उभे असतात, आणि प्रत्यक्षात सगळी भानगड असते ती जिथे ते एकमेकांना जोडलेत तिथे.

पोलिसाने आणलेली केस पोलिसापुढे

वेगळेपण पूर्ण झालेलं नाही, हे पाहायला दिल्लीला जायला नको. ठाणे किंवा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयातली ‘चॅप्टर केस’ घ्या. एखादा माणूस शांतता बिघडवील अशी शंका असली की त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेतलं जातं. अहवाल पोलीस ठाण्याचा, आणि सुनावणी घेणारे असतात सहायक पोलीस आयुक्त, विशेष कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने. किंवा तडीपारी. ‘ठाणे, मुंबई, रायगड जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी तडीपार’ ही बातमी आपण वाचतो. हा आदेश महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ खाली परिमंडळाचे पोलीस उपायुक्त काढतात. अपील करायचं राज्य सरकारकडे, म्हणजे पुन्हा कारभाऱ्यांकडेच. न्यायाधीश भेटतो तो उच्च न्यायालयात गेल्यावर. त्याचप्रमाणे शेताची वहिवाट अडवल्याची तक्रार आजही तहसीलदार मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खाली ऐकतो.

इंग्रजांच्या काळात जिल्हाधिकारीच दंडाधिकारी असायचा. सारा वसूल करणारा आणि शिक्षा सुनावणारा एकच. न्यायपालिका कारभारापासून वेगळी करा, असं राज्यघटनेने कलम ५० मध्ये सरकारला सांगितलं. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली आणि खटले चालवणारे दंडाधिकारी देशभर उच्च न्यायालयांच्या अखत्यारीत आले. वर सांगितलेल्या गोष्टी मात्र तशाच राहिल्या. यातलं सगळंच चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. गुंडगिरीने त्रासलेल्या वस्तीला तडीपारी हवीच असते. मुद्दा एवढाच की ‘वेगळं केलं’ असं घटनेत लिहिल्याने वेगळं होत नाही. ते एकेक कायदा हातात घेऊन करावं लागतं.

संसदेत दोन स्तंभ एकात एक

आता दिल्ली. आपल्याकडे न्यायपालिका वेगळी आहे, पण संसद आणि मंत्रिमंडळ मुळातच वेगळे नाहीत. मंत्री खासदारांतूनच येतो. बाहेरचा घेतला तर सहा महिन्यांत त्याला खासदार व्हावं लागतं. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं, आणि ज्या बहुमताने त्याला जाब विचारायचा ते बहुमत त्याचंच असतं.

हे नजरचुकीने झालेलं नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत प्रा. के. टी. शाह यांनी तिन्ही सत्ता पूर्ण वेगळ्या कराव्यात अशी दुरुस्ती मांडली आणि ती फेटाळली गेली. त्याच्या महिनाभर आधी, ४ नोव्हेंबरला मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी निवड का केली ते उघड सांगितलं होतं. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश पद्धतीत उत्तरदायित्व जास्त. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकेत कारभाराचं मूल्यमापन ठरावीक काळाने होतं. संसदीय पद्धतीत ते मतदार ठरावीक काळाने करतातच, शिवाय सभागृह रोज करतं: प्रश्न, ठराव, अविश्वास, चर्चा. मसुद्याने स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला झुकतं माप दिलं.

म्हणजे आपली सगळी भिस्त त्या ‘रोज’वर आहे. खासदाराने रोज विचारायचं. मग फेरआखणीचा पहिला प्रश्न असा की खासदार खरंच विचारू शकतो का?

१९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती, म्हणजे पक्षांतरबंदी, इथे आडवी येते. ‘आयाराम गयाराम’ थांबवायला हा कायदा आला आणि तेव्हा त्याची गरज होतीच. पण त्यात एक मेख राहिली. व्हीप, म्हणजे अमुकच मत द्या असा पक्षाचा आदेश, निघाला की खासदाराने पक्षाविरुद्ध मत दिलं किंवा तो मतदानाला गैरहजर राहिला तरी खासदारकी जाऊ शकते. हे फक्त सरकार पाडण्याच्या मतदानाला लागू नाही. खताच्या धोरणापासून डेटा संरक्षणापर्यंत कुठल्याही विधेयकाला लागू आहे. म्हणजे मंत्रिमंडळाने ठरवलं, पक्षाने व्हीप काढला, की सत्ताधारी बाकांवरचे सगळे खासदार नुसते आकडे.

वर मंत्रिपदाचं आमिष. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळावर सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. महाराष्ट्र विधानसभेत २८८ आमदार, म्हणजे मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३ मंत्री. उरलेल्यांची सोय महामंडळांवर लागते. सिडकोच्या अध्यक्षपदावर आमदार बसलेले नवी मुंबईकरांनी पाहिले आहेत. सिडको जमिनीची मालक, नियोजन प्राधिकरणही तीच, भूखंड विकणारीही तीच, आणि तिच्या कारभारावर विधानसभेत प्रश्न विचारायचा तो आमदार तिच्याच अध्यक्षांच्या खुर्चीत. सोसायटीच्या खजिनदारालाच ऑडिटर नेमला तर वार्षिक सभेत केवढा आरडाओरडा होईल!

आपलेच दात, आपलेच ओठ

पक्षांतर झालं की नाही हे ठरवतो सभागृहाचा अध्यक्ष. तो निवडून येतो सत्ताधारी पक्षाच्या तिकिटावर, बसतो त्यांच्या बहुमताने, आणि निवाडा करायचा असतो बहुतेक वेळा त्यांच्याच भवितव्याचा. घोडं पेंड खातं ते नेमकं इथे.

ठाणेकरांना हे पुस्तकातून शिकायला नको. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली, कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि दोन्ही गटांनी एकमेकांच्या आमदारांविरुद्ध अपात्रतेच्या याचिका केल्या. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. बहुमत चाचणीला बोलावण्याइतकी सामग्री राज्यपालांकडे नव्हती, पण उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे न जाता राजीनामा देऊन मोकळे झाल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच वाजवी वेळेत घ्यावा, असा तो निकाल. वाजवी वेळ किती, यावर पुन्हा कोर्टाच्या फेऱ्या. अखेर १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांचा निवाडा आला: कोणत्याच गटाचा कोणीच अपात्र नाही. भिजत घोंगडं दीड वर्षाहून जास्त पडून होतं आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूकही झाली. कोणाची बाजू खरी, यात मला शिरायचं नाही. तो वाद तलावपाळीवर अजून चालू आहे आणि चालू राहो. मला दिसतो तो सांधा. अध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा असता तर घोंगडं दुसऱ्या बाजूने भिजलं असतं.

हे कोणाला आधी दिसलं नव्हतं, असंही नाही. १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला आणि अध्यक्षांचा अधिकार टिकला. पण ज्याची खुर्चीच बहुमतावर टेकलेली आहे त्याच्याकडे हा निवाडा कसा द्यायचा, असं अल्पमतातल्या न्यायमूर्तींनी तेव्हाच विचारलं. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयाने संसदेला सुचवलं की निवृत्त न्यायमूर्तीच्या नेतृत्वाखाली कायमचं न्यायाधिकरण नेमायचा विचार करा. जुलै २०२५ मध्ये तेलंगणच्या प्रकरणात पुन्हा तोच सूर. सूर लागतो, गाणं काही होत नाही.

‘अध्यक्षीय पद्धत आणा’

चर्चा इथवर आली की कोणीतरी हमखास म्हणतं, हे सगळं मोडीत काढा, लोकांनी थेट निवडलेला राष्ट्राध्यक्ष आणा. त्याला मंत्री हवे ते नेमू द्या, खासदारांनी फक्त कायदे करावेत.

ऐकायला सरळ आहे. पण कारभारी सभागृहापासून पूर्ण तोडला की काय होतं याची चव नवी मुंबईने घेतलेली आहे. महापालिकेचा आयुक्त हा सभागृहाचा सदस्य नसतो, त्याची नेमणूक मंत्रालय करतं आणि महापौराकडे कारभाराचे अधिकार जवळपास नसतात. या बाबतीत आपली महापालिका संसदेपेक्षा अमेरिकेच्या जास्त जवळची. ऑक्टोबर २०१६ मध्ये महासभेने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव मंजूर केला, १०४ विरुद्ध ६. सरकारने तेव्हा त्यांना हलवलं नाही; बदली झाली मार्च २०१७ मध्ये, सरकारला वाटली तेव्हा. मुंढे यांच्या बाजूने रस्त्यावर उतरलेलेही नवी मुंबईकर होते, त्यामुळे ‘लोकांचं म्हणणं’ कोणतं हे सांगणं अवघडच. एक मात्र लख्ख दिसलं. सभागृह आणि कारभारी भांडले तेव्हा निकाल दोघांपैकी कोणीच दिला नाही, तो तिसऱ्याने दिला. महापालिकेचा ठराव विखंडित, म्हणजे रद्द, करायचा अधिकार सरकारकडे महापालिका कायद्याच्या कलम ४५१ खाली असतोच. पालिकेच्या डोक्यावर मंत्रालय आहे. देशाच्या डोक्यावर कोण असणार?

अमेरिकेत हा तिसरा नाही. तिथे राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस खर्चावर अडले की सरकारची कार्यालयं बंद पडतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस तेच झालं. तोवरचा सर्वांत लांबलेला खोळंबा. आपल्याकडे लोकसभेत अर्थसंकल्प पडला तर सरकार पडतं, दुसरं येतं किंवा निवडणूक होते. तिथे सरकार पडत नाही आणि खर्चही होत नाही.

इस्रायलचा दाखला मला यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्यांनी आपल्यासारखीच संसदीय पद्धत होती ती मध्येच बदलून पाहिली. लहान पक्ष पंतप्रधानाला वेठीला धरतात म्हणून १९९२ मध्ये त्यांनी ठरवलं की पंतप्रधान थेट लोकांनी निवडायचा. संसदेला जबाबदार मात्र तो राहणारच. १९९६ पासून मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका आल्या. मतदारांनी मग हुशारी केली: पंतप्रधानासाठी मोठ्या पक्षाच्या नेत्याला मत आणि संसदेसाठी आपल्या आवडीच्या लहान पक्षाला. १९९२ मध्ये १२० च्या संसदेत दोन मोठ्या पक्षांचे मिळून ७६ सदस्य होते. १९९६ मध्ये ते ६६ झाले, १९९९ मध्ये ४५. लहान पक्षांची पकड सोडवायला आणलेल्या उपायाने लहान पक्षच मोठे केले, आणि थेट निवडून आलेला पंतप्रधान आधीपेक्षा जास्त लोकांच्या मिनतवाऱ्या करू लागला. २००१ मध्ये त्यांनी हा प्रकार गुंडाळला. आपल्याकडे सरपंच आणि नगराध्यक्ष थेट निवडावा की सदस्यांनी निवडावा, हा खेळ सरकार बदलेल तसा उलटसुलट झालाय. सदस्य एका पक्षाचे आणि नगराध्यक्ष दुसऱ्याचा, अशी गावं ज्यांनी पाहिलीत त्यांना इस्रायलचं कोडं लगेच उलगडेल.

श्रीलंकेने १९७८ मध्ये ताकदवान अध्यक्षपद आणलं. मग त्याला आवर घालायला २००१ ची १७ वी दुरुस्ती, तो आवर काढायला २०१० ची १८ वी, पुन्हा घालायला २०१५ ची १९ वी, पुन्हा काढायला २०२० ची २० वी, आणि देश दिवाळखोरीत गेल्यावर २०२२ ची २१ वी. जो निवडून येतो तो आपल्या मापाने घटना शिवून घेतो.

म्हणून मी अध्यक्षीय पद्धतीच्या बाजूचा नाही. घर पाडण्यापेक्षा सांधे बदलावेत.

कोणते सांधे?

सर्वांत आधी व्हीप. सरकार टिकणार की पडणार हे ठरवणारं मतदान आणि पैशांची विधेयकं, एवढ्यापुरताच तो बांधील ठेवावा. बाकी विधेयकांवर खासदाराला आपल्या मतदारसंघाचं मत मांडू द्यावं. हा माझ्या डोक्यातला शोध नाही. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच अपात्रता मोजक्या मतदानांपुरती ठेवायला सांगितलं होतं. यातला धोकाही सांगतो. विधेयकागणिक खासदारांशी सौदे होतील. आज सौदा पक्षाच्या कार्यालयात एकदाच होतो, उद्या तो घाऊकचा किरकोळ होईल. तरीही मला तो धोका पत्करण्यासारखा वाटतो, कारण आजच्या घडीला बाबासाहेबांनी ज्यावर भिस्त ठेवली ते रोजचं मूल्यमापन उरलंच नाहीये.

दुसरा सांधा अपात्रतेच्या निवाड्याचा. अध्यक्षांकडून तो काढून घ्या, न्यायाधिकरणाकडे द्या, मुदत घाला. यावर मला फार बोलायचंही नाही. इतक्या वेळा सर्वोच्च न्यायालयाने सुचवलेली गोष्ट अजून का पडून आहे, हे कोणत्याही पक्षाच्या माणसाला खासगीत विचारा.

सरकार पाडण्याच्या पद्धतीत जर्मनीकडून घेण्यासारखं आहे. १९४९ च्या त्यांच्या घटनेप्रमाणे चान्सलरला हटवायचं तर त्याच मतदानात नवा चान्सलर निवडावा लागतो. नुसतं ‘हा नको’ चालत नाही, ‘हा हवा’ हेही सांगावं लागतं. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले ते असेच. आपल्याकडे एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं, पाडणाऱ्यांना पर्यायी सरकार जमवता आलं नाही आणि देश निवडणुकीला गेला. एक लक्षात ठेवायचं: तो सरकारने स्वतः मांडलेला विश्वासदर्शक ठराव होता आणि तशा वेळी जर्मन नियमही पुरा पडत नाही; तिथेही चान्सलर स्वतःचा विश्वास ठराव हरला की निवडणुका लागू शकतात.

आता वटहुकूम. ठाणे महापालिकेचं काम जवळून पाहिलेल्याला ‘पाच-दोन-दोन’ समजावून सांगावं लागत नाही: निविदा न मागवता तातडीचं काम देण्याची नियमातली वाट. वाट असायलाच हवी. पाण्याची मुख्य वाहिनी फुटल्यावर निविदा काढत बसता येत नाही. पण तातडी कोणी ठरवायची? ज्याला काम द्यायचंय त्यानेच. वटहुकुमाचं दुखणं हेच. अधिवेशन चालू नसताना कलम १२३ खाली केंद्राचा आणि २१३ खाली राज्याचा वटहुकूम निघतो आणि सभागृह भरल्यावर सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही तर मरतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले संशोधक डॉ. डी. सी. वाधवा यांना बिहारच्या जमीनधारणेचा अभ्यास करताना दिसलं की तिथे वटहुकूम मरतच नाहीत. १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाले आणि त्यातले काही परत परत काढून १४ वर्षांपर्यंत जगवले गेले. विधानसभा होती, आमदार होते, भत्ते निघत होते. कायदे मात्र सचिवालयात होत होते. वाधवांनी ग्रंथालयातली ही नोंद थेट सर्वोच्च न्यायालयात नेली आणि डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने हा राज्यघटनेशी केलेला कपटव्यवहार ठरवला. एका अभ्यासकाने गॅझेटं चाळली नसती तर हे बाहेर आलंच नसतं, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

न्यायमूर्तींच्या नेमणुकांवर दोन्ही बाजू सारख्याच दुखऱ्या आहेत. १९९३ पासून न्यायमूर्तीच न्यायमूर्ती निवडतात. त्याची कारणमीमांसा बाहेर फारशी कळत नाही. २०१४ मध्ये ९९ व्या दुरुस्तीने सहा जणांचा आयोग आणला: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन नामवंत व्यक्ती. कोणत्याही दोघांनी हरकत घेतली की नाव बाद. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो रद्द केला. सरकार हा न्यायालयांपुढचा सर्वांत मोठा पक्षकार, त्याला नेमणुकीत नकाराधिकार नको, हे पटतं. पण आपल्याच नेमणुकांचा वाद आपणच निकालात काढायचा, हेही बघवत नाही. जर्मनीत घटना न्यायालयाचे न्यायाधीश निम्मे एका सभागृहाने आणि निम्मे दुसऱ्याने निवडायचे असतात, तेही दोन तृतीयांश मतांनी, बारा वर्षांच्या एकाच मुदतीसाठी. दोन तृतीयांश एकट्या सत्ताधाऱ्यांकडे सहसा नसतात, म्हणून विरोधकांशी बोलावंच लागतं. आपल्याकडे असं बोलणं कितपत होईल, हा भाग वेगळा.

आणि चौथा स्तंभ. पत्रकारांनी तो स्वतःला म्हणवून घ्यावा, मला हरकत नाही (पगार त्याच नावावर घेतला). दक्षिण आफ्रिकेने मात्र १९९६ च्या घटनेत नववं प्रकरणच राखणदार संस्थांसाठी लिहिलं: लोकपालासारखा ‘पब्लिक प्रोटेक्टर’, महालेखापरीक्षक, निवडणूक आयोग. अध्यक्ष झुमा यांच्या खासगी घरावर सरकारी पैसा गेल्याचा अहवाल पब्लिक प्रोटेक्टरने २०१४ मध्ये दिला आणि तो बंधनकारक असल्याचं घटना न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं. झुमांना पैसे भरावे लागले. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयुक्त निवडणाऱ्या समितीत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश असावेत असं सांगितलं, तेही संसद कायदा करेपर्यंत. डिसेंबरात संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला केंद्रीय मंत्री आला. तिघांत दोन सरकारचे. राखणदार कोण नेमतो हे बघायचं असतं ते असं.

यातलं काय बदलता येतं? कलम ३६८ प्रमाणे उपस्थितांच्या दोन तृतीयांश मतांनी आणि एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने घटनादुरुस्ती होते, काही बाबतींत निम्म्या राज्यांची संमतीही लागते. वर एक कुंपण आहे: १९७३ च्या केशवानंद भारती निकालानुसार घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येत नाही, आणि १९७५ मध्ये इंदिरा गांधींच्या निवडणुकीचा वाद कोर्टाच्या कक्षेबाहेर नेणारी तरतूद रद्द करताना सत्तेची विभागणी त्या चौकटीत असल्याचं न्यायालयाने सांगितलं. व्हीप आवळता-सैल करता येतो, अध्यक्षांचा निवाडा दुसऱ्याकडे देता येतो. त्यासाठी चौकट हलवावी लागत नाही.

अडतं ते साध्या ठिकाणी. व्हीपची व्याप्ती कमी करणारं खासगी विधेयक खासदार मनीष तिवारी यांनी लोकसभेत एकाहून अधिक वेळा मांडलंय. खासगी विधेयकाचा कायदा होण्याची शेवटची घटना १९७० ची आहे. सरकारने स्वतः तसं विधेयक आणलं तरच काही होईल, आणि तसं झालं तर त्यावरच्या मतदानालाही आजच्या नियमाने व्हीप निघेल.